दुसऱ्याच्या नगरपालिकेतली नोकरी: परदेशातलं ‘डेव्हलपमेंट’चं काम नेमकं असतं तरी काय?

ज्यांना बसमध्ये इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लेखी. बोललो तसाच ठेवलाय, फक्त ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ जरा कमी केलेत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. आयटीत तीन-चार वर्षं झालेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न साधारण असा असतो: “लिंक्डइनवर कुणी केनियात, कुणी नेपाळमध्ये ‘लोकल गव्हर्नन्स प्रोजेक्ट’वर दिसतं. हे लोक करतात काय? आणि आपल्याला जमेल का?”

प्रश्न माझाही आहे. मी बीटेक, वय तिशीच्या अलीकडे, घर गांधीबागेत. अशाच एका कामासाठी अर्ज भरून बसलोय. त्यामुळे गेले काही महिने मी हे सगळं खोदून वाचतोय. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी आपल्या घराजवळून सुरुवात करू

सेंट्रल ॲव्हेन्यूवर अग्रसेन चौकात उभे राहा आणि वर बघा. मेट्रोची ॲक्वा लाइन. प्रजापती नगरपर्यंतचा हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यासाठी २०१६ मध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने ५० कोटी युरोचं कर्ज दिलं, फ्रान्सच्या एएफडीने १३ कोटी युरो. नागनदीच्या स्वच्छतेचा जो प्रकल्प आहे, त्याच्या मागे जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे.

म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय विकास सहकार्य’ ही गोष्ट आपल्यासाठी नवीन नाही. आपण तिच्या घेणाऱ्या बाजूला राहतो. मेट्रो ही महानगरपालिकेची नाही, केंद्र आणि राज्याच्या कंपनीची आहे हे खरं. पण पैशाची आणि माणसांची साखळी सगळीकडे सारखीच असते.

ती साखळी अशी. एखाद्या देशाची संस्था पैसे देते, कर्ज म्हणून किंवा अनुदान म्हणून. दोन्हींत फरक मोठा आहे, कारण कर्ज फेडावं लागतं. मग दोन सरकारांचा करार होतो. त्यानंतर एक कागद तयार होतो, ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’, बोलीभाषेत ‘टीओआर’. त्यात काय काम, किती दिवसांत, कोण करणार, हे लिहिलेलं असतं. त्या टीओआरवर सल्लागार कंपन्या बोली लावतात आणि जिंकलेली कंपनी माणसं शोधते. त्यात तुमच्या-माझ्यासारखा इंजिनिअर येतो, साखळीच्या जवळजवळ शेवटच्या कडीला.

शेवटच्या कडीच्याही पुढे एक माणूस असतो. त्या गावच्या पालिकेतला कर्मचारी, ज्याला या भाषेत ‘काउंटरपार्ट’ म्हणतात. माझ्या मते या कामात सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच. का, ते तीन उदाहरणांतून सांगतो.

उदाहरण एक: केरळमधून केनियात गेलेलं सॉफ्टवेअर

‘डीएचआयएस टू’ हे नाव आयटीवाल्यांनी लक्षात ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किती बाळंतपणं झाली, किती मुलांना लस दिली, असे आकडे गोळा करून जिल्ह्याला, राज्याला दाखवणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. याची मुळं दक्षिण आफ्रिकेत. १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली आणि तुकड्यांत विभागलेली आरोग्यव्यवस्था एकत्र आणायची वेळ आली. तेव्हा ओस्लो विद्यापीठातल्या आणि तिथल्या स्थानिक लोकांनी मिळून पहिली आवृत्ती केली. ती चक्क मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर चालायची! पुढे जावामध्ये, ब्राउझरवर चालणारी दुसरी आवृत्ती आली आणि ती पहिल्यांदा वापरात आली २००६ मध्ये, आपल्या केरळात.

तेव्हा आरोग्य केंद्रांत इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून एकेका कॉम्प्युटरवर वेगळं इन्स्टॉलेशन. एक बग दुरुस्त केला की जिल्हाभर फिरा. ज्यांनी कधी क्लायंटच्या जागेवर जाऊन पॅच टाकलाय, त्यांना हे दुखणं कळेल. २०११ मध्ये केनियाने दुसरा मार्ग धरला. मोबाइल डेटा पोचला होता, म्हणून देशभरासाठी एकच मध्यवर्ती सर्व्हर आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडेम. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, नव्या राज्यघटनेप्रमाणे केनियात ४७ काउंटी सरकारं आली आणि आरोग्यसेवेचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला. सॉफ्टवेअर तेच राहिलं, पण आकडे बघून औषधं कुठे पाठवायची हे ठरवणारी माणसं बदलली. मग काउंटीच्या नव्या कर्मचाऱ्यांना शिकवणं हेच मोठं काम होऊन बसलं.

आता विचार करा. कोड तर कुणीही गिटहबवरून डाउनलोड करू शकतं. मग माणूस प्रत्यक्ष जायची गरज का पडते? कारण आरोग्य केंद्रातली परिचारिका कोणत्या रजिस्टरमधून आकडा उचलते, तो दोन ठिकाणी मोजला जातो का, महिनाअखेरीला तिला वेळ केव्हा मिळतो, हे गिटहबवर लिहिलेलं नसतं.

तारखेचंच बघा. इथिओपियाच्या कॅलेंडरमध्ये १३ महिने असतात. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतं आणि सरकारी आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या तारखेला, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्याला सुरू होतं. तुमच्या सॉफ्टवेअरने १ एप्रिल गृहीत धरला असेल, तर पहिल्याच दिवशी हिशेब कोसळला! या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही कॅलेंडरं आहेत, कारण वापरणाऱ्यांना ती लागतात.

उदाहरण दोन: फ्रीटाउनची छपरं

सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन. तिथल्या महापौर इव्हॉन अकी-सॉयर २०१८ मध्ये निवडून आल्या. पालिकेकडे पैसा नाही आणि मालमत्ता कराची यादी जुनी. मालमत्ता कर म्हणजे आपण ज्याला घरटॅक्स म्हणतो तोच. संशोधक संस्थांच्या मदतीने त्यांनी नवी पद्धत आणली. उपग्रहाच्या चित्रांवरून इमारती शोधल्या, मग माणसं पाठवून प्रत्येक इमारतीची बाहेरून दिसणारी वैशिष्ट्यं नोंदवली: छप्पर कशाचं, भिंती कशाच्या, रस्ता कसा. प्रत्येक गोष्टीला गुण, आणि गुणांवरून कर. यादीतल्या मालमत्ता सुमारे ५७ हजारांवरून १ लाख २० हजारांच्या वर गेल्या.

टेक्निकली बघितलं तर हा सोपा प्रोजेक्ट आहे. क्यूजीआयएस, फोनवरचा फॉर्म, एक डेटाबेस, थोडं गणित. पण मध्येच केंद्र सरकारने वसुली थांबवली, कारण नियम कुणी ठरवायचे यावर वाद झाला. असा अडथळा कोडमध्ये सापडत नाही. कर म्हणजे सत्तेचा प्रश्न असतो आणि तुम्ही कितीही चांगला अल्गोरिदम लिहा, तो कुणाच्या तरी खिशाला लागतोच.

गांधीबागेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून आंदोलनं केली, २०१५ मध्ये तो बहुतेकांसाठी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता करच.

आणि आमच्या गल्लीतली एखादी इमारत घ्या. खाली कापडाचं दुकान, मागे गोदाम, वर दोन भावांची दोन घरं, त्यात एक जुना भाडेकरू. उपग्रहाला दिसतं एक छप्पर. त्या छपराखाली किती खाती आहेत, वाटणी कागदावर झाली की नुसती बोलण्यात, हे झोन ऑफिसमधल्या जुन्या कर निरीक्षकाला माहीत असतं. शहरातल्या दहा झोनपैकी गांधीबाग एक, आणि त्या एका झोनमध्येच अशा गल्ल्या किती! फ्रीटाउनलाही असा एखादा माणूस असणारच. तो तुमच्या बाजूने असेल तर यादी खरी होते. नसेल तर तुमचा डॅशबोर्ड नुसता सुंदर दिसतो.

उदाहरण तीन: भायखळ्याच्या बायका

आता वाटेल की हे सगळं लॅपटॉपवाल्यांचंच काम आहे. म्हणून हे उदाहरण मुद्दाम.

१९८५ मध्ये मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचा विषय सुप्रीम कोर्टात होता, ओल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवरच्या लोकांची मोजणी केली. सुमारे ६ हजार कुटुंबं, २७ हजार माणसं. कोण कुठून आलं, काय काम करतं, सगळं लिहिलं. सरकारच्या कागदावर ही माणसं जवळजवळ नव्हतीच. पुढे १९८६ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभी केली. रोजची छोटी बचत, आणि आपल्या वस्तीची आपणच केलेली मोजणी.

नव्वदच्या दशकात याच चळवळीतली माणसं दक्षिण आफ्रिकेत गेली. तिथल्या झोपडपट्टीतल्या बायकांना बचत कशी करायची, घरं कशी मोजायची, आणि तो कागद घेऊन पालिकेच्या टेबलासमोर कसं बसायचं, हे त्यांनी करून दाखवलं. १९९६ मध्ये यातूनच ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ ही अनेक देशांतल्या वस्त्यांची संघटना झाली. तिचे एक संस्थापक जॉकिन अर्पुथम, मुंबईतच झोपडपट्टीत राहिलेले, २००० चे मॅगसेसे पुरस्कारविजेते.

मुंबईत रेल्वे रुळांलगतच्या वस्त्यांचं पुनर्वसन झालं, तेव्हा ते बघायला केनियाहून रेल्वेचे अधिकारी आले. पुढे नैरोबीत किबेरा आणि मुकुरूमध्ये रुळालगतच्या घरांची मोजणी झाली, त्यात वस्तीतले लोकच होते.

टीओआर, व्हिसा कॅटेगरी, डिग्री यांतलं काहीच या बायकांच्या हातात नव्हतं. तरी परदेशातल्या स्थानिक सरकारांपर्यंत पोचलेल्या कामाचं यापेक्षा मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात मला तरी सापडलं नाही. त्या मोजायची पद्धत शिकवून परत आल्या. मोजणी तिथल्यांच्याच हातात राहिली.

मग इंजिनिअर तिथे दिवसभर करतो काय?

कोडिंग कमी, हे आधी सांगून टाकतो. बराचसा वेळ जातो तो आहे ती पद्धत समजून घेण्यात. कुठली नोंद कोण करतं, कुठल्या सहीशिवाय फाइल पुढे सरकत नाही, कुठलं रजिस्टर खरं आणि कुठलं वरच्यांना दाखवायचं. मग जुना डेटा साफ करणं. मग ट्रेनिंग, पुन्हा ट्रेनिंग, आणि बदली झाली की तिसऱ्यांदा ट्रेनिंग. शिवाय रिपोर्ट! पैसे देणाऱ्याला दर तिमाहीला कळवायचं असतं की किती लोकांना शिकवलं, किती पालिकांनी सिस्टिम वापरली.

इथेच या क्षेत्राचं जुनं दुखणं आहे. प्रोजेक्ट तीन-चार वर्षांचा. पैसे संपले की सर्व्हरचं बिल कोण भरणार, हे आधी कुणी लिहिलेलंच नसतं. सल्लागार घरी जातो, पासवर्ड त्याच्या लॅपटॉपमध्ये राहतो, आणि पुढच्या प्रोजेक्टमध्ये दुसरा देणगीदार दुसरं सॉफ्टवेअर घेऊन येतो. पालिकेतला माणूस मग दोन सिस्टिम आणि एक कागदी रजिस्टर, असं तिन्ही भरत बसतो. नवीन साहेबांच्या नवीन ॲपबद्दल आपल्याकडचे कर्मचारी चहा पिताना जे बोलतात, तेच ते तुमच्याबद्दल बोलणार. आणि ते बरोबरच असेल.

जायचं कसं?

आता कामाचं. काही दारं आपल्यासाठी बंदच आहेत, उगाच वेळ घालवू नका. अमेरिकेचं पीस कोअर फक्त अमेरिकन नागरिकांसाठी, जायकाचे स्वयंसेवक फक्त जपानी. जागतिक बँकेच्या यंग प्रोफेशनल्सला मास्टर्स लागतं, नुसत्या बीटेकवर होत नाही.

उघडी दारं ही:

पहिलं, यूएन व्हॉलंटिअर्स. १९७० मध्ये सुरू झालं, मुख्यालय जर्मनीत बॉनला. दुसऱ्या देशात जाण्यासाठी ‘स्पेशालिस्ट’ प्रकारात वय किमान २७ आणि अनुभव किमान ३ वर्षं लागतो. १८ ते २६ वाल्यांसाठी ‘यूथ’ प्रकार वेगळा. यात पगार मिळत नाही, राहण्या-खाण्याचा भत्ता मिळतो, विमा असतो. घरबसल्या करायचं ऑनलाइन व्हॉलंटिअरिंगही आहे, सुरुवात त्यानेही करता येते.

दुसरं, सल्लागार कंपन्या. त्या मोजक्या दिवसांसाठी तज्ज्ञ घेतात आणि दिवसाच्या हिशेबाने पैसे देतात. पैसे चांगले, पण दोन कामांच्या मध्ये किती महिने रिकामे जातील ते सांगता येत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं, ओपन सोर्समधून. डीएचआयएस टू आहेच. बेंगळुरूच्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचं ‘डिजिट’ आहे. ही संस्था २००३ पासून पालिकांसाठी काम करते, आणि त्याच डिजिटवरचं सॉफ्टवेअर मोझांबिकमध्ये मलेरियाच्या मच्छरदाण्या वाटायच्या मोहिमेत वापरलं गेलं. ओपनस्ट्रीटमॅपची ह्युमॅनिटेरियन टीम आहे, तिथे रात्री जेवण झाल्यावर बसून एखाद्या आफ्रिकन गावातली घरं नकाशावर काढता येतात. असं काम नावावर असेल तर मुलाखतीत बोलायला काहीतरी खरं असतं.

चौथं, नेपाळ. २०१५ च्या राज्यघटनेनंतर तिथे ७५३ स्थानिक सरकारं झाली आणि २०१७ मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या. हिशेब, कर, दाखले, सगळं इतक्या ठिकाणी उभं करायचं. आपल्याला व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच. युनिकोडमधला जोडाक्षरांचा घोळ सोडवता येणारा मराठी इंजिनिअर तिथे नक्कीच उपयोगी पडेल.

भाषेचंही बघून ठेवा. मोझांबिकला पोर्तुगीज लागते, पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी फ्रेंच. पालिकेतल्या कारकुनाशी इंग्रजीत बोलून काम होत नाही, नागपुरातही होत नाही.

“इथलं सोडून तिथलं कायले?”

माझा मित्र म्हणाला, “काय करून राहिला बे तू? आपल्या महापालिकेचं काम सोडून तिकडच्या महापालिकेचं काम?” आई वेगळ्या शब्दांत तेच विचारते. बाबा फक्त विचारतात, पगार अर्धा होणार का. होणार आहे, कदाचित अर्ध्याहून कमी. बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज अजून दीड वर्ष आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात हवेतला नाही.

मित्राच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं आहे. बाहेरचा माणूस एका गोष्टीसाठी उपयोगी पडतो. तिथल्या वादात तो कुणाच्या बाजूचा नसतो आणि दुसऱ्या गावाने काय करून बघितलं ते त्याला ठाऊक असतं. केरळात जे शिकलं गेलं ते केनियात कामी आलं, भायखळ्यातलं केपटाउनला. पण हा उपयोग थोडे दिवसच असतो. त्यानंतरही तुमच्यावाचून काम अडत असेल, तर तुम्ही स्थानिक सरकारला मदत करत नाही आहात, त्याची जागा घेऊन बसला आहात.

म्हणून मी स्वतःसाठी चार प्रश्न लिहून ठेवलेत. मुलाखतीत संधी मिळाली की मी ते समोरच्याला विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

१. हे काम मागितलं कुणी? पालिकेने, की पैसे देणाऱ्याने?

२. माझा काउंटरपार्ट कोण? त्याचं पद आणि तो किती दिवस त्या जागेवर राहणार, हे कागदावर आहे का? “नंतर नेमू” असं उत्तर आलं तर सावध व्हा.

३. प्रोजेक्ट संपल्यावर सर्व्हर, लायसन्स आणि दुरुस्तीचा खर्च कुणाच्या बजेटमध्ये धरलाय?

४. यापूर्वीची सिस्टिम का बंद पडली? पालिका आहे म्हणजे आधीचं काहीतरी असणारच.

या चारपैकी तीनची नीट उत्तरं मिळाली, तर पगार कमी असला तरी मी जाणार. घरी तसं सांगितलंय. बाबांनी दीड वर्षाचा हप्ता आधी बाजूला काढायची अट घातलीय, ती मला मान्य आहे. आणि उत्तरं मिळाली नाहीत, तर तेच चार प्रश्न घेऊन आपल्या झोन ऑफिसमध्ये जायला तिकिटाचा खर्चही नाही.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल, नेपाळात, आफ्रिकेत, कुठेही, तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत ठेवा, चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. पुढच्या वेळी विषय आहे मालमत्ता कराचं बिल कसं वाचायचं. बिल समोर घेऊनच बसा. भेटू!